जागेवर

"म्हणजे उत्तर दिलंच नाहीस?" ताईने विचारले.

"नाही."

"तीन वर्षं?"

"तीन वर्षं आणि वर चार महिने." म्हाताऱ्याने चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

ताई सकाळी शब्दकोडे सोडवायला बसली होती. एक शब्द अडला म्हणून तिने भावाचा जाडा शब्दकोश उघडला, आणि त्यातून ते पत्र खाली पडले. एका बाईचे होते, धरणाचे दरवाजे सांभाळणाऱ्या दरवाजेवाल्याच्या मुलीचे. तिने लिहिले होते: पुराच्या पहाटे वडील झोपले होते, असे मोठ्या इंजिनियरसाहेबांच्या आत्मचरित्रात छापले आहे. वडील मात्र मरेपर्यंत 'मी झोपलो नव्हतो' एवढेच सांगत होते. पुस्तकात साहेबांनी निर्दोष छपाईबद्दल तुमचे आभार मानले आहेत, म्हणून विचारते, साहेबांच्या हस्तलिखितात काय होते? एक प्राध्यापक शहराचा इतिहास लिहीत आहेत. तो छापण्याआधी कळले तर उपकार होतील.

"आणि तो इतिहास?"

"छापून झाला. मागच्या वर्षी वाचनालयात उभ्याउभ्याच पाहिला. 'साहेबांनी प्रांजळपणे नोंदवल्याप्रमाणे', असं लिहून तेच वाक्य घातलंय. सतरा माणसं वाहून गेली, कारण दरवाजेवाला जागा नव्हता. खाली तळटीप. पान एकशे त्रेचाळीस."

"पाठ आहे वाटतं!"

"माझंच वाक्य आहे ते, ताई."

ताईने पेन्सिल खाली ठेवली.

चाळीस वर्षे त्याने छापखान्यात मुद्रिते तपासली. सुटलेला शब्द दाखवायला ओळीत जी उलटी पाचर काढतात, त्या काकपदावरून सगळे त्याला काकपदच म्हणत. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही, अशी ख्याती होती. त्या ख्यातीखेरीज त्याच्यापाशी दुसरे काही नव्हते.

"साहेबांनी लिहिलं होतं, 'दरवाजेवाला जागेवर नव्हता.' ओळ 'जागे'पाशी संपली, 'वर' खालच्या ओळीत गेला. खिळे जुळवणाऱ्यानं तो गाळला. माझ्यापुढे आलं ते 'जागे नव्हता'. व्याकरण चुकलेलं. शंका आली की मूळ प्रत बघायची, हा पहिला नियम. प्रत टेबलाच्या त्या टोकाला होती. संध्याकाळ झाली होती, डोळे दुखत होते. मी एक मात्रा काढली, एक काना दिला. जागा नव्हता."

"देवा!"

"त्याआधी चार पानं साहेबांनी लिहिलं होतं, की खालच्या वस्तीला सावध करायला मी एका माणसाला धाडलं. तो माणूस म्हणजे हाच दरवाजेवाला. 'जागेवर' राहिलं असतं तर ती दोन वाक्यं एकमेकांना भेटली असती. माझ्या कान्यानं त्यांची ताटातूट केली."

"तुला कळलं कधी?"

"पुस्तक बांधून झाल्यावर. मूळ प्रत परत करायला कागदात गुंडाळत होतो, तेव्हा ते पान दिसलं. तसाच साहेबांकडे गेलो. त्यांनी बराच वेळ पाहिलं. म्हणाले, 'व्याकरण बरोबर आहे ना आता? मग राहू द्या.' दुसऱ्यांदा बोलायची माझी छाती झाली नाही. दोन वर्षांनी एका सत्कारात ते भाषणात म्हणाले, तो घोरत होता. शपथेवर सांगतो, त्यांना ते खरंच वाटत होतं. घोरणं तर मीसुद्धा घातलं नव्हतं."

ताई हसली नाही. "आयुष्यभर लोकांच्या वेलांट्या धरल्यास, आणि हे दडवून बसलास? लिही तिला. आत्ता."

"काय लिहू? साहेब गेले, हस्तलिखित रद्दीत गेलं. उरलंय ते माझं आठवणं. पन्नास वर्षांपूर्वीचं. त्या पानावर 'वर' होता, हे मला आठवतंय, की नंतर हळहळून मीच तो तिथे ठेवला? साहेबांनाही आठवतच होतं की!"

"मग जेवढं आठवतं तेवढं आठवतं म्हण, नाही ते नाही म्हण. ती इतिहास लिहीत नाहीये, अरे. ती बापाचं विचारतेय."

तो टेबलाशी बसला. दुपारपर्यंत दोन कागद फाडले. पहिल्यात साहेबांचाच दोष झाला होता, दुसऱ्यात वयाचा. तिसऱ्यावर त्याने लिहिले:

'पुस्तकातला "जागा" हा शब्द साहेबांचा नाही, माझा आहे. हे मला नक्की आठवते, कारण ते माझ्या हाताने झाले. हस्तलिखितात "जागेवर" होते असे मला दिसते, पण ते पान आता नाही, आणि माझ्या स्मरणाला साक्षीदार नाही. साहेबांच्या पुस्तकात चार पाने आधी आलेले, माणूस धाडल्याचे वाक्य मात्र छापील आहे. ते प्राध्यापकांना दाखवा, आणि हे पत्रही. माझे नाव झाकू नका. उशीर मी भितीपोटी केला.'

"वाचून बघू?" ताईने विचारले. त्याचे लिहिलेले आजवर कुणी तपासले नव्हते. त्याने कागद पुढे केला.

"इथे 'भिती' लिहिलंयस. पहिली वेलांटी."

त्याने पाहिले. खरेच होते. त्याने एक रेघ ओढून शब्द खोडला, जुना दिसत राहील असा, आणि वर नीट लिहिला.

"स्वच्छ प्रत काढ की एक. परक्या बाईला जाणार."

"नको. उतरवताना शब्द गळतात."

पोस्टाची पेटी गल्लीच्या टोकाला होती. तेवढे जायला त्याला दोनदा थांबावे लागले. पत्ता तीन वर्षांपूर्वीचा होता, त्याने तो पुन्हा एकदा अक्षर-अक्षर वाचला. मग पाकीट आत सोडले आणि ते तळाशी पडल्याचा आवाज येईपर्यंत कान लावून उभा राहिला. पेटीत बहुधा बरीच पत्रे होती. आवाज आला नाही.

त्याने फटीत बोटे घालून पाहिली. पाकीट अडकलेले नव्हते, तेव्हा तो घराकडे वळला.