खंडोबाच्या कुत्र्याची शेपटी

मित्रांनो, मी एक जुना ठसा आहे, काशाचा. बिबवेवाडीत हिंदुरावांच्या चांदीकामाच्या दुकानात खिडकीखाली मी बसलेला असतो. तुमच्या देवघरात चांदीचे टाक असतील, बोटभर उंचीचे, देवाची आकृती उठवलेले. ते माझ्यासारख्याच कुणाच्या तरी अंगावर घडलेले असतात. माझ्यात खंडोबा खोल कोरलेला आहे. घोड्यावर देव, मागे म्हाळसा, खाली धावता कुत्रा. माझ्यावर चांदीचा पातळ पत्रा ठेवतात, त्यावर शिसे ठेवून हातोडी मारतात आणि पत्रा उचलला की देव समोर. इतकी वर्षे झाली, पण मला अजून त्याचे नवल वाटते.

मला कोरले दादामियाँनी. स्वातंत्र्य मिळून तेव्हा थोडीच वर्षे झाली होती. हिंदुरावांच्या वडिलांनी, मच्छिंद्ररावांनी, हे काम त्यांना सांगितले. दादामियाँचा हात देखणा, पण घोड्यांचे त्यांना भारी वेड. घोडा ते इतका ऐटीत कोरत गेले, की शेवटी कुत्र्याच्या शेपटीला धड जागाच उरली नाही.

"दादामियाँ, शेपूट कुठं आहे?" मच्छिंद्ररावांनी विचारले.

"अहो, तो देवामागं धावतोय. शेपूट येईल मागून!"

दोघे पोट धरून हसले आणि मी तसाच कामाला लागलो.

लग्नसराईत मला उसंत नसे. भाऊ वेगळे झाले, की नव्या घरासाठी नवे टाक लागत, तेव्हाही माझी आठवण होई. पुढे बाजारात यंत्रावर दाबलेले टाक आले. मी एका डब्यात चिंधीखाली पडून राहिलो. त्याच सुमारास हिंदुरावांचे हात आजाराने थरथरू लागले आणि त्यांच्या जागी त्यांची मुलगी सुनीती कामाच्या पाटावर बसली. गिऱ्हाईक दारातून विचारी, "हिंदुराव आहेत का?" काम सुनीती करते असे कळले, की "बरं, येतो पुन्हा," म्हणून निघून जाई. पुन्हा कुणी येत नसे. मला फार वाईट वाटे.

सुनीतीने मला डब्यातून काढले, चिंच लावून घासले. आपल्या दुकानात उणे काही दिसू नये, असे तिला वाटत होते. घोड्याच्या पायाशी, कोपऱ्यात चिमूटभर जागा होती, तिथे तिने कुत्र्याला वर वळलेली झुबकेदार शेपटी कोरली. काय सुरेख कोरली होती! मीही फुशारून गेलो.

मग धायरीच्या मुक्ताबाई आल्या. शेताच्या जागी इमारती उठल्या होत्या, दोन्ही मुलगे वेगवेगळ्या घरांत राहायला गेले होते. त्यांच्या घरचा जुना टाक माझ्यावरच घडलेला होता; धाकट्यासाठी तसाच खंडोबाचा टाक हवा होता. सुनीतीने जीव ओतून टाक उठवला. मुक्ताबाईंनी तो तळहातावर घेतला आणि कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"देव लई देखना उतरलाय, पोरी. पर ह्यो आमचा न्हाई."

"आजी, ठसा तोच आहे."

"आमच्या कुत्र्याला शेपूट न्हाई." त्यांनी पदराची गाठ सोडून घरचा जुना टाक काढला. घासून घासून देवाचे नाक-डोळे केव्हाच पुसले गेले होते. "जमीन वाटली, घर वाटलं. आता थोरल्याचा देव येगळा आन् धाकट्याचा येगळा, असं सांगू व्हय?"

सुनीतीचे डोळे भरून आले. तिने वडिलांकडे पाहिले.

"माझ्याकडं काय बघतेस?" हिंदुराव म्हणाले. "पाटावर तू बसली आहेस."

तिने मुक्ताबाईंना बसायला सांगितले. डाग देऊन, म्हणजे वितळलेला धातू भरून, तिने शेपटीची रेघ बुजवली आणि वरून कानस फिरवली. स्वतः हौसेने कोरलेले स्वतःच मिटवताना तिचे ओठ घट्ट मिटले होते, पण हात अडखळला नाही. पुन्हा पत्रा, पुन्हा शिसे, पुन्हा हातोडी.

मुक्ताबाईंनी डोळे मिटले. एका हातात जुना टाक, दुसऱ्यात नवा. दोन्हींच्या कोपऱ्यावरून अंगठे फिरले.

"हां. आता सख्खे भाऊ झाले."

निघताना त्या उंबऱ्यात थांबल्या. "नातवाच्या लग्नात देव उजळाया आनीन. तू हायेस न्हवं?"

"आहे, आजी."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा. नुसत्या डब्यात ठेवून नव्हे, त्यांना काम देऊन. पण त्यांच्यात काही सुधारायला घ्याल, तेव्हा ज्यांचा हात त्यांच्यावरून वर्षानुवर्षे फिरला आहे, त्यांना आधी विचारा. आपल्या डोळ्यांना जे उणे दिसते, तेच त्यांच्या बोटांच्या ओळखीचे असते.

परवा एक गृहस्थ दारात उभे राहिले. "हिंदुराव आहेत का?"

"आहेत," हिंदुराव आतून म्हणाले. "पण टाक हवा असेल तर सुनीतीला विचारा. मी इथं चहा प्यायला बसतो."

ते गृहस्थ चपला काढून आत आले. सुनीतीने मला पुढे ओढले आणि वडिलांकडे पत्रा मागितला.