दीनबाईंचा कॉफीचा पाक

"बाई, तुम्ही दारू पिता का?"

हा प्रश्न मी दीनबाईंना त्यांच्याच ओट्यावर उभं राहून विचारला. एका हातात फुलकोबीची टोपली, दुसऱ्या हातात सायीचं भांडं. फाटकाबाहेर माझ्या वर्गातल्या शालू आणि जमुना कान देऊन उभ्या होत्या. विचारलं नाही तर वर्षभर त्या दोघींची दप्तरं मी वाहायची, असं ठरलं होतं. महिन्यापूर्वी शाळेत भाषणात माझा पहिला नंबर आला होता. तेव्हापासून मला कोणाचीच भीती वाटेनाशी झाली होती, आणि नेमकं त्यानंच त्या दोघींच्या पोटात दुखत होतं.

दीनबाई म्हणजे अमरावती कॅम्पातल्या पारशीणबाई. नवऱ्याचं जिनिंग होतं, तो वारला, बंगला राहिला. आमच्या मळ्यातून त्यांच्याकडे भाजी, गुलाब आणि म्हशीच्या दुधाची साय जायची. शाळेत जाता जाता ती मी पोचवायची. एक वांगं किडकं निघालं तर तेवढं एकच वांगं त्या कागदात गुंडाळून परत पाठवत. त्यांना हसताना कोणी पाहिलं नव्हतं.

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"पिते. शनिवारी, दोन छोटे पेले. तू विचारायला आली की मागायला?"

मी म्हटलं, मैत्रिणींनी विचारायला लावलं.

"म्हणजे तोंड तुझं अने सवाल दुसऱ्याचा. अशी छोकरी मला आवडत नाही. शाळा सुटली की ये. विचारलं आहे तर बघून जा."

शाळा सुटल्यावर मी गेले. शालू-जमुना नाही आल्या.

मला वाटलं होतं, दारू म्हणजे मोहाची, मडक्यातली, नाल्याकाठी झुडपाआड गाळलेली. दीनबाईंच्या स्वयंपाकघरात तर कॉफीचा वास घमघमत होता. आमच्या घरी कॉफी कोणी पाहिलेलीही नव्हती. त्यांच्याकडे म्हैसुराहून बियांचं पार्सल यायचं. लोखंडी तव्यावर बिया काळ्याभोर होईपर्यंत भाजायच्या, खलबत्त्यात जाडसर कुटायच्या. साखरेचा पाक करून तो पार थंड होऊ द्यायचा, कारण गरम पाकात रम ओतली तर तिचा जोर वाफेवर उडून जातो. मग कुटलेली कॉफी, पाक, रम आणि व्हॅनिलाची एक लांब शेंग बाटलीत भरून बूच घट्ट लावायचं. तीन आठवडे रोज बाटली हलवायची, शेवटी मलमलीतून गाळायची. पेल्यात बर्फ, त्यावर हे काळं गोड, आणि चमच्याच्या पाठीवरून हळूहळू सोडलेली आमच्या म्हशीची साय. खाली काळं, वर पांढरं. क्लबातल्या बायका त्याच्यासाठी दीनबाईंच्या ओट्यावर येऊन बसत.

मी दर शनिवारी जायला लागले. त्या प्रेमानं एक शब्द बोलत नसत. बी जास्त भाजली की म्हणत, कोळसा केलास; कमी भाजली की म्हणत, गवत. पेल्याला हात लावू देत नसत. पण बाटल्यांवरचं इंग्रजी मला मोठ्यानं वाचायला लावत, आणि चुकलं की परत. एकदा मी म्हटलं, बाई, तुम्ही आमच्या मास्तरीणबाईंपेक्षा वाईट बोलता. तर म्हणाल्या, तिला पगार आहे, मला नाही.

पौषात त्यांची बहीण अकोल्याला आजारी पडली. निघताना त्यांनी नवी भरलेली बाटली कापडात गुंडाळून माझ्या हातात दिली.

"माझा खानसामा बाटली हलवत नाही, हलकी करतो. तू रोज हलव. उघडू नको. मी आले की गाळू."

बाटली मी घरी आणली. मायनं विचारलं, काय वं हे. मी म्हटलं, दीनबाईंचा कॉफीचा पाक आहे, मुरायला ठेवायचा आहे. यात खोटं काय होतं? कॉफी होती, पाक होता. तिसरी वस्तू मी सांगितली नाही, एवढंच. मायनं लोणच्यासारखं बाटलीच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलं आणि कोनाड्यात बरण्यांच्या रांगेत नीट उभी केली. रोज शाळेतून आले की मी ती हलवायची. आत शेंग वर-खाली व्हायची. तीन आठवडे होत आले आणि बाटलीतलं पाणी रात्रीसारखं काळं झालं.

तेवढ्यात हिवरखेडहून आत्या आली.

पार्बताआत्या बाबांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली म्हणून बाबांना तिनंच वाढवलं. त्यामुळे आमच्या घरात तिचं म्हणणं खाली पडत नाही. आल्या आल्या तिनं माझं पुस्तक पायानं बाजूला सारलं आणि बाबांना म्हणाली, "शालिकराम, पोट्टी नववीत गेली म्हणते. तिले काय कलेक्टर कराची हाये का?"

बाबांनी मान खाली घातली. त्यांनी मला कबूल केलं होतं, मॅट्रिक होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही. मॅट्रिकला अजून दोन वर्षं होती. आत्यानं हिवरखेडच्या महादेवरावांच्या चंद्रभानचं स्थळ आणलं होतं. काळी जमीन, चार बैलजोड्या. लग्न फाल्गुनात. शाळा बंद, हे न सांगताही कळत होतं, पण आत्यानं तेही सांगून टाकलं.

मी म्हटलं, मले नाही कराचं. आत्या म्हणाली, तुले कोणं विचारलं. आणि बाबांनी मान वर केली नाही, ते मला सगळ्यांत जास्त लागलं.

महादेवराव म्हणजे साधा माणूस नव्हता. त्यांच्या अकोट तालुक्यात दारूबंदी होऊन वर्ष झालं होतं, आणि तिकडे हेच सरकारपेक्षा कडक. बाजाराच्या दिवशी संध्याकाळी वेशीवर उभे राहायचे आणि परतणाऱ्या प्रत्येक गड्याला म्हणायचे, तोंड उघड, श्वास सोड. वास आला की चावडीवर. हे आत्यानं मोठ्या कौतुकानं सांगितलं. मी मनात म्हटलं, दुसऱ्यांची तोंडं हुंगत फिरणाऱ्याच्या घरी मी काय करू?

रविवारी सकाळी ते आले. सोबत त्यांचे भाऊ खुशालराव. पोरगा आला नव्हता. आधी मोठ्यांनी बघायचं, असा त्यांचा रिवाज. माय मला आतल्या खोलीत लुगडं नेसवत होती. पुढे चुलीपाशी आत्या एकटी. तिला काय सुचलं, तर अमरावतीसारख्या शहरात चहा काय द्यायचा, चहा तर हिवरखेडातही मिळतो. वकिलांकडे पाहुण्यांना कॉफी देतात, हे तिनं कोणाकडून तरी ऐकलं होतं. तिनं बसल्या जागेवरून मायला विचारलं, घरात कॉफी हाये का. मायनं माझ्या निऱ्या धरल्या धरल्या उत्तर दिलं, कोनाड्यात पाक हाये, पांढऱ्या फडक्याचा.

माझ्या कानावर ते पडलं. पण आत्या ते दुधात घालील, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. घरात कॉफी कशी करतात हे कोणालाच ठाऊक नव्हतं, आणि मी ती बाटली सगळ्यांना 'पाक' म्हणून सांगून ठेवली होती.

मला तबक हातात देऊन उंबऱ्यापर्यंत ढकललं तेव्हा कळलं. आत्यानं फडक्यातूनच गाळून, दूध उतरवून कोमट झाल्यावर त्यात सढळ हातानं ओतलं होतं. वरून जायफळ, त्यावर जाड साय. पण जायफळाखालून वर येणारा तो वास मला झोपेतही ओळखता आला असता.

मी तिथेच तबक पाडू शकत होते. परत फिरू शकत होते. पण समोरून महादेवरावांचा आवाज आला, ते बाबांना सांगत होते, "आपला सख्खा मेहुना होता जी. दिवाळीच्या दिवशी पिऊन आला. गादीसकट बाहेर काढला. बायकोनं पाय धरले, मी नाही ऐकलं. मोहाचा वास मी कोसावरून ओळखतो." आणि बाबा मान हलवत होते.

मी तबक त्यांच्यासमोर ठेवलं.

त्यांनी कप उचलण्याआधी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, बाजारात गोऱ्हा पाहतात तसं. चालून दाखव म्हणाले. चालले. किती शिकली विचारलं. सांगितलं. खुशालराव म्हणाले, इंग्रजी येते तर बैलाले इंग्रजीत हाकलशील का. दोघं खो खो हसले. आत्याही हसली. भाकरी किती थापतं, विचारलं. मी म्हटलं, जेवढी भूक असते तेवढ्या. महादेवरावांचं हसू थांबलं.

"पोरीची जीभ लांब हाये," ते म्हणाले. "आमच्या घरी आखूड होते."

आणि त्यांनी कॉफी प्यायली. घोट घेतला, थांबले, कपात पाहिलं, परत घेतला. मोहाशिवाय दुसऱ्या कोणत्या दारूचा वास त्यांच्या नाकानं कधी घेतलाच नव्हता. म्हणाले, वा. काय हाये हे? आत्या दारामागून म्हणाली, शहरातली कॉफी हाये जी, पोरीनंच केली. त्यांनी दुसरा कप मागितला. मग तिसरा. खुशालरावांना दूध बाधतं म्हणून त्यांनी नुसतं पाणी घेतलं.

तिसऱ्या कपात महादेवरावांचे कान लाल झाले. ते बाबांच्या खांद्यावर हात टाकून बोलू लागले. बाबांनी हळूच मॅट्रिकचं नाव काढलं तर म्हणाले, "ज्या पोरीच्या हातची अशी कॉफी हाये तिले कागद कायले पायजे? उद्यापासून शाळा बंद करा." स्वतः उठून नारळ आणि खण माझ्या ओटीत घातला. आत्यानं मला कुंकू लावलं. झालं. इतकं लवकर, की पाया पडायला खाली वाकायचं आहे हेही मला आत्यानं मान दाबली तेव्हा कळलं. महादेवराव टांग्यात चढताना थोडे अडखळले, तर खुशालराव म्हणाले, बाप्पा, आनंद झाला दादाले.

टांगा दिसेनासा झाला आणि मी ओटीतला नारळ जमिनीवर ठेवला.

मी सांगितलं. बाटलीत काय होतं ते, कोणाची होती ते, सगळं. मायनं कोनाड्याकडे पाहिलं. आत्याला आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा तिनं कोनाड्यातून बाटली काढली, हुंगली, आणि तिचा चेहरा राखेसारखा झाला.

"मारलं या पोट्टीनं मले," ती म्हणाली. "मले तिथं राहाचं हाये, त्यायच्या गल्लीत. माझ्या हातानं ओतली मी."

बाबांनी मला एकच विचारलं. "तबक घेऊन आली तवा तुले ठाऊक होतं?"

भाषणाच्या दिवशी मला शब्द सुचले होते, आता एकच सुचला.

"होतं."

त्यांनी हात उचलला होता, पण मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाले, उद्यापासून शाळा नाही. शिकून हेच शिकली. ते मळ्याकडे निघाले तेव्हा आत्यानं त्यांना धोतराला धरून थांबवलं. तिला वाट सापडली होती. बाटली धुऊन टाकू, दीनबाईले सांगू फुटली. कोणालेच ठाऊक नाही, चौघांच्या बाहेर जाणार नाही. फाल्गुनात लग्न लावून मोकळं होऊ. बाबा परत ओट्यावर येऊन बसले. मायनं पदर डोळ्यांना लावला, पण तिचीही मान हलली. मला दिसत होतं, तिघं एक होत होते.

मी आत्याकडे पाहिलं. ती मला आवडत नाही. आजही नाही. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसली. हे लपवून मी त्या घरात गेले, तर जन्मभर तिच्या मुठीत राहीन, आणि ती माझ्या. रोज सकाळी महादेवराव कोणाचं तरी तोंड हुंगायला निघतील, आणि मी चुलीपाशी बसून वाट पाहीन, आज कोणी बोललं का, आज कोणी बोललं का. आणि त्यांच्या बढाईचा मला राग आला होता, म्हणून माहीत असून मी तबक पुढे ठेवलं, ही माझी चूक. ती दुसऱ्या कोणाच्या माथी मारून मला मॅट्रिकही नको होतं.

खरं सांगायचं तर दुसरंही कारण होतं. माझ्याकडे लग्न मोडायची एकच वस्तू होती, आणि ती म्हणजे खरं.

मी दप्तरातून दौत, टाक आणि कोरा कागद काढला, आणि ओट्यावर बाबांच्या समोरच मांडी घालून बसले. आत्या म्हणाली, आता काय नवीन. मी बाबांकडे आणि मायकडे पाहिलं.

"बाबा, माय, ऐकून घ्या. मी महादेवरावले पत्र लिहून राहिली. त्यायनं आपल्या घरी काय पेलं ते लिहीन. आत्याचं नाव नाही टाकत. बाटली मी आणली, खोटं मी बोलली, अन् माहीत असून तबक मीच नेलं, इतकंच. नारळ-खण सोबत पार्सलानं परत पाठवीन. सही माझी राहीन. टपालात मीच टाकीन, उद्या शाळेत जाताना. शाळेत मी जाईन, बाबा. दार लावसान तर दारापाशी बसून वाचीन, पण वाचीन."