अठ्ठ्याण्णव सेंटीमीटरवरून

खोलीत अकरा खुर्च्या होत्या, त्यांतल्या दोन डुगडुगणाऱ्या. टेबलं तीन. न्यायाधीशांचा चौथरा एक, त्याला पायऱ्या दोन. आरोपीचा पिंजरा एक, तोही जमिनीपासून वीतभर उंचावलेला, आत लाकडी स्टूल. पंखे चार, तीन चालू, चौथा फार कुरकुरतो म्हणून बंद. हिरव्या कापडाचा घडीचा पडदा एक. भिंतीवरचं घड्याळ एक, सात मिनिटं पुढे. आणि न्यायाधीशांच्या डाव्या अंगाला, भिंतीवर उंच, थोडा खाली झुकवलेला मोठा टीव्ही एक, बंद.

हे सगळं ताईने आदल्या दिवशी दुपारी वहीत उतरवून घेतलं. कोर्टात साक्ष द्यायला येणाऱ्या मुलांच्या सोबतीला राहायचं, हे तिचं काम. नेमणूक होऊन चार महिने झाले होते आणि एकटीने सांभाळायची ही पहिलीच केस. धास्ती वाटली की ती मोजदाद करायची, शाळेपासूनची खोड.

तो टीव्ही खास मुलांसाठीच आणला होता. मुलाने शेजारच्या खोलीत बसून बोलायचं आणि इकडे सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहायचं, म्हणजे आरोपीचं तोंड बघायची वेळ येत नाही. पण त्याचं यंत्र बंद पडून दीड वर्ष झालं होतं.

“चालू होता तेव्हा एकदाच लावला,” कोर्टाचे शिपाई सांगत होते. त्यांना सगळे मामाच म्हणत. “तेव्हाही निम्म्या लोकांनी विचारलं, मॅचचा स्कोअर काय झाला.”

म्हणून मग पडदा. मुलीची खुर्ची चौथऱ्यासमोर, तिच्या पाठीमागे पडदा, पडद्यामागे पिंजरा. ताई मुलीच्या खुर्चीत बसली आणि तिने मामांना पिंजऱ्यातल्या स्टुलावर बसायला सांगितलं.

“घरी सांगू नका हं,” मामा आतून म्हणाले. “बायको म्हणेल, आता तिथेच राहू देत.”

ताईने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं, मग समोर. मामा कुठूनच दिसले नाहीत. वहीत तिने लिहिलं: पडदा तपासला, ठीक. खाली सही केली.

मुलगी आठ वर्षांची होती. वयाच्या मानाने फारच लहानखुरी, म्हणून आई तिला मुंगी म्हणायची. पिंजऱ्यात बसणार होता तो तिचा सख्खा काका, बापाचा धाकटा भाऊ. शाळेतून तिला आणायचं काम त्याच्याकडे होतं. जे काही झालं ते त्या दोन वर्षांत झालं. मुंगीने ते आधी शाळेतल्या बाईंना सांगितलं, मग आईला. तेव्हापासून सासरच्या कुणाचं तोंड आईला दिसलं नव्हतं, आणि बाप ‘कामावर सुट्टी मिळत नाही’ म्हणून कोर्टाची पायरी चढायला तयार नव्हता. आई शिवणकाम करून घर चालवत होती. हे तिसरं बोलावणं. आधीच्या दोन्ही वेळा तारीख पुढे गेली होती.

सरकारी वकिलांनी सकाळीच ताईला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मुलगी आज बोलली तर केस उभी आहे. नाही बोलली तर त्यांच्या हातात डॉक्टरांचा एक कागद उरतो, आणि त्या कागदावर ‘निश्चित सांगता येत नाही’ असं लिहिलंय. आईने तर त्याहून साधं सांगितलं. “ताई, चौथ्यांदा मी हिला इथे आणू शकणार नाही. आदल्या रात्रीपासून तिच्या पोटात अन्न ठरत नाही.”

ताईने मुंगीला तीन गोष्टी शिकवल्या होत्या, आणि तेवढ्याच शिकवायची परवानगी होती. खरं तेच सांगायचं. ‘आठवत नाही’ हेही उत्तरच असतं. आणि थांबावंसं वाटलं तर हातातलं लाल कार्ड वर करायचं. साक्षीत काय बोलायचं याबद्दल एक अक्षरही नाही. ताईच्या तोंडून चुकून एखादा शब्द निसटला, तर समोरचे वकील ‘पढवलेली साक्षीदार’ म्हणून सगळ्यावर पाणी फिरवायला टपलेलेच होते. या एका भीतीने ताईला आठवडाभर धड झोप नव्हती.

सकाळी आरोपीला मागच्या दाराने आधी आणून बसवलं. मुंगी नंतर न्यायाधीशांच्या दालनाकडून आली. बसली. पाय लोंबकळू नयेत म्हणून ताईने खाली पाट ठेवला आणि स्वतः तिच्या शेजारी, हातभर अंतरावर बसली.

न्यायाधीश बाईंनी नाव विचारलं. मुंगीने सांगितलं. शाळा विचारली, इयत्ता विचारली. सांगितली. आवडता विषय विचारला. “चित्रकला. आणि मधली सुट्टी.” बाई हसल्या. ताईच्या खांद्यांवरचं ओझं जरासं उतरलं.

मग सरकारी वकिलांनी विचारलं, घरी तेव्हा कोण कोण राहायचं.

“आई,” मुंगी म्हणाली. “बाबा. आजी.” आणि तिने मान वर केली.

पुढचा शब्द आला नाही. तिचे ओठ पांढरे पडले. ताईने तिच्या हाताकडे पाहिलं, तर कार्ड वर होत नव्हतं. बोटंच आखडली होती. मग मुंगीच्या फ्रॉकवर ओला डाग पसरला आणि पाटावर थेंब पडायला लागले.

तसंच एक कार्ड ताईकडेही होतं. तिनेच ते वर केलं.

आरोपीचे वकील लगेच उठले. मुलीला नातं सांगता येत नाही, कारण सांगण्यासारखं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. सरकारी वकील म्हणाले, तो शब्दच तिला उच्चारवत नाही. खोलीतल्या सगळ्यांना तेच वाटलं. बाईंनी दहा मिनिटं थांबायला सांगितलं, आणि त्यानंतरही मुलगी बोलू शकली नाही तर पुढे काय करायचं ते ठरवावं लागेल, असंही.

छोट्या खोलीत आईने मुंगीचे कपडे बदलले. पिशवीत दुसरा फ्रॉक होता. आईने तो घरून निघतानाच घेतला होता. मुंगी भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

काय झालं, हे विचारायची सोय नव्हती. काय दिसलं, काय आठवलं, काहीच नाही. पाणी, खुर्ची, पंखा, उजेड यांबद्दल तेवढं बोलता येत होतं. ताई गुडघ्यांवर बसली.

“खुर्ची बदलू?”

मुंगीने मान हलवली. नाही.

“पंखा कमी करू?”

नाही.

“मग त्या खोलीतलं काय बदलू, सांग. तू म्हणशील ते.”

मग मुंगी भिंतीलाच म्हणाली, “टीव्ही बंद कर.”

“टीव्ही बंदच आहे गं.”

मुंगी वळली. समजून न समजल्यासारखं करणाऱ्या मोठ्या माणसांकडे मुलं जशी बघतात तशी तिने ताईकडे बघितलं. “नाहीये बंद. त्यात काका आहे. त्याला मी दिसते.”

आईच्या हातातला ओला फ्रॉक खाली पडला.

ताई उठली ती तडक कोर्टाच्या खोलीत गेली, मुलीच्या खुर्चीत बसली आणि वर पाहिलं. टीव्हीच्या काळ्या काचेत हिरवं कापड दिसत होतं. अगदी वरच्या कडेला पडद्याची लाकडी पट्टी. बाकी काही नाही. मागे पिंजऱ्यात कुणीतरी खाकरलं.

एक क्षण तिला वाटलं, पोरीला भास झालाय. आणि त्याच क्षणी तिला स्वतःची वही आठवली. पडदा तपासला, ठीक. कुणाच्या डोळ्यांनी तपासला?

ती धावत परत आली. “टेप आहे?” तिने आईला विचारलं. शिवणाऱ्या बाईच्या पिशवीत टेप नसेल असं होत नाही. आईने मुंगीला बाकावर ताठ बसवलं आणि बैठकीपासून डोळ्यांपर्यंत टेप धरला; जन्मात कधी न वापरलेली सेंटीमीटरची बाजू वर करून. चोपन्न. खुर्चीची बैठक ताईने कालच मोजली होती, पाटासाठी. चव्वेचाळीस. एकूण अठ्ठ्याण्णव. मग आईने काहीही न विचारता ताईचंही माप घेतलं. एकाहत्तर अधिक चव्वेचाळीस. एकशे पंधरा.

चार मिनिटं उरली होती. ताई पुन्हा त्या खुर्चीत बसली, पाठीला टेप लावला आणि सतरा सेंटीमीटर खाली घसरली.

काचेतला पडदा खाली सरकला. लाकडी पट्टी खाली आली, आणि पट्टीच्या वर, नीट विंचरलेले केस, चष्मा, दाढी केलेले गाल. तो टीव्हीकडेच बघत होता. काचेत आता लहान पोरीच्या उंचीवर काहीतरी हललं म्हणताच त्याने भुवया उंचावल्या आणि ओठांवर बोट टेकवलं. सवयीने केल्यासारखं. लाडाने.

मग त्याला कळलं की ही ती नाही. बोट चष्म्यावर गेलं आणि त्याने काच पुसली.

ताई उठली.

तिने सरकारी वकिलांना सांगितलं. ते खुर्चीत बसले. सहा फुटी माणूस, त्यांना पडद्याची नुसती घडी दिसली. ते हळूच म्हणाले की तुमच्या सांगण्यावरून मी हे मांडलं आणि खोटं पडलं, तर केसही जाईल आणि तुमचं कामही. ताई म्हणाली, मांडा.

बाई परत येऊन बसल्या. सरकारी वकिलांनी मांडलं. समोरचे वकील हसले, मोठ्याने नाही. सुट्टीत सोबतीच्या बाईंनी मुलीशी काय बोलणं केलं, हे आधी नोंदवून घ्यावं, असं ते म्हणाले. ताईने सगळं बोलणं शब्दन् शब्द सांगितलं. लेखनिकाने दोनदा पुन्हा विचारून लिहून घेतलं.

मग बाई चौथऱ्यावरून उतरल्या. दोन पायऱ्या. मुलीच्या खुर्चीत बसल्या आणि वर पाहिलं.

“मला तर पडदाच दिसतोय.”

“तेच तर,” समोरचे वकील म्हणाले.

ताईला वाटलं, संपलं. शेजारच्या खोलीत दुसरा फ्रॉक घालून बसलेली पोर तिच्या डोळ्यांसमोर आली. तिसरा फ्रॉक पिशवीत नव्हता.

“मॅडम,” ती म्हणाली. बोलायची तिला परवानगी नव्हती. “मुलीचे डोळे जमिनीपासून अठ्ठ्याण्णव सेंटीमीटरवर असतात. तुम्ही साधारण सतरा वर आहात. खाली घसरून बघाल का?”

ताईने टेप पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही. त्यांनी काळा झगा गोळा केला आणि खुर्चीत हळूहळू खाली सरकल्या, शाळेतल्या मागच्या बाकावरच्या पोरासारख्या. सरकता सरकता थांबल्या.

मग टीव्हीकडे बघत, साध्या आवाजात त्यांनी विचारलं, “तुम्हाला मी दिसते का?”

“हो, मॅडम,” पडद्यामागून आवाज आला.

समोरच्या वकिलांनी डोळे मिटले.

बाई उठल्या, चौथऱ्यावर गेल्या आणि लेखनिकाला प्रश्न आणि उत्तर दोन्ही जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. मग दाराशी उभ्या असलेल्या मामांकडे वळल्या. “ते झाका.”

मामा टेबलावर चढले. फायली गुंडाळायचं जाड लाल कापड त्यांनी टीव्हीवरून सोडलं, चारी कोपऱ्यांना सुतळी बांधली, उतरले, आणि कुणी न सांगता त्या खुर्चीजवळ जाऊन उकिडवे बसले. मान तिरकी करून त्यांनी वर, डावीकडे, उजवीकडे बघितलं. खिडकीची एक काच त्यांना पटली नाही. ती त्यांनी उघडून भिंतीला टेकवून ठेवली. या वेळी त्यांना एकही विनोद सुचला नव्हता.

ताई मुंगीला आणायला गेली. मुंगी दाराच्या चौकटीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. भीती गेली नव्हती, ताईचीही नव्हती. ताईने फक्त लाल कापडाकडे बोट केलं.

मुंगीने बघितलं. खुर्चीपर्यंत गेली. बसली, पुन्हा बघितलं, उठली, पुन्हा बसली. “आत कोणी नाही,” ती स्वतःशीच म्हणाली. मग तिने ताईचा अंगठा मुठीत धरला.

सरकारी वकिलांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. घरी तेव्हा कोण कोण राहायचं?

“आई. बाबा. आजी.” ताईच्या अंगठ्याला रग लागली. “आणि काका.”

साक्ष पन्नास मिनिटं चालली. दोन्ही बाजूंनी मिळून मुंगीला एकेचाळीस प्रश्न विचारले गेले. उत्तरं एकेचाळीस आली. त्यांतली तीन ‘आठवत नाही’ अशी होती.