फाट्यावरची चेकिंग

चारठाण्याच्या अलीकडं, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात सांबप्पांचं किराणा दुकान आहे. तिथं साखर, चहापत्ती, खारी विकत मिळते आणि थापा फुकट. थापासुद्धा अशा बेतानं सोडलेल्या, की ऐकणाऱ्याला आपणच काहीतरी हुडकून काढल्यासारखं वाटावं. दोन वर्षांखाली त्यांनी जंगलात बिबट्या पाहिला आणि अख्खं गाव ऐन वैशाखात दारं लावून, घामाच्या धारांत निजलं. बिबट्या काही आला नाही. तेव्हापासून गावानं आपापसात एक साधा नियम करून टाकला: सांबप्पा डावीकडं म्हणाले की उजवीकडं जायचं. हा नियम सगळ्यांना ठाऊक होता, फक्त सांबप्पांना नव्हता.

त्यांची एकुलती लेक शिवरंजनी जिंतूरच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवते. बापाच्या अगदी उलट, नको तिथंसुद्धा खरं बोलणारी. तिला नाद सायकलीचा, आणि तोही चांगल्या रस्त्यावरच्या नव्हे. गावाबाहेर फाट्यावर दोन रस्ते फुटतात. डांबरी रस्ता डोंगराला लांबलचक वळसा घालून चारठाण्याला जातो. दुसरा वनखात्याचा, मुरमाचा. तो सागा-पळसाच्या जंगलातून चढत खिंडीत जातो आणि पलीकडं चारठाण्याच्या अंगाला उतरतो. जवळचा आहे, पण हाडं खिळखिळी करतो, म्हणून एरवी गुराख्यांशिवाय तिकडं कुणी फिरकत नाही. शिवरंजनी दर रविवारी जाड टायरची सायकल घेऊन नेमकी तिकडंच जाते. इंजिन नाही, हॉर्न नाही, नुसता चाकाखाली करकरणारा मुरूम आणि नशिबात असलं तर एखादा मोर. भेटलाच कुणी तर थांबून विचारतो, पंक्चर झाली का बाई? तीन वर्षं ती एकटीच जातेय. घरात गादी असून उघड्या बाजेवर निजणं, एवढंच सांबप्पांचं यावर मत होतं.

आता मात्र तिला सोबत मिळायचा योग आला होता. परभणीच्या डॉक्टर धम्मशीलाताई एक सायकल मंडळ चालवतात. गाड्या नसलेले, जंगलातले, डोंगरातले कच्चे रस्ते हुडकत ही मंडळी हिंडत असतात. शिवरंजनीनं त्यांना खिंडीच्या रस्त्याचे फोटो पाठवून पाठवून हैराण केलं, तेव्हा कुठं त्या एका रविवारी माणसं घेऊन यायला कबूल झाल्या. रस्ता पसंत पडला तर मंडळाची दर महिन्याची फेरी इथंच. पण बाई कडक. वाटेत एक जरी इंजिन ऐकू आलं तर पुन्हा या बाजूला तोंड करणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलं होतं. शिवरंजनीनंही शब्द देऊन टाकला की खिंडीत गाडी दिसली तर माझं नाव बदला.

आणि त्याच रविवारी चारठाण्याला गावातल्या दिनकररावांच्या मुलाचं लग्न निघालं. जमीनदार माणूस, गावजेवणाचं निमंत्रण. वऱ्हाड जीपा, ट्रॅक्टर, मोटारसायकली घेऊन जाणार, आणि निम्मं तरी जवळचा म्हणून खिंडीतून जाणार. हे कळलं त्या संध्याकाळी शिवरंजनीनं अर्धी भाकर ताटात तशीच ठेवली. आईनं सुचवलं की घरोघर जाऊन लोकांना सांग, एक दिवस डांबरीनं जा म्हणावं. लोकांना लग्नाला कोणत्या वाटेनं जावं हे मी कोण सांगणार, असं म्हणून ती आत गेली. ती रडली असती तर सांबप्पांनी चार थापा मारून तिला हसवली असती. पण ती नुसती गप्प बसली आणि त्यांना ते बघवेना. निजायला जाताना ती एवढंच म्हणाली, "अप्पा, तुमी काई करू नका. नुसतं दुकानात बसा."

ज्याला काई करू नका म्हटलं की हात शिवशिवतात अशा माणसाला हे सांगणं म्हणजे मांजराला दुधाची राखण द्यायची.

शनिवारी दिवे लागायच्या वेळेला दुकानात गर्दी होती. सांबप्पांनी शेंगदाणे तोलता तोलता, कुणाकडं न बघता, आवाज खाली घेऊन बातमी सोडली, की उद्या खिंडीत पोलिसांची चेकिंग लागणार हाय. लायसन, हेल्मेट, गाडीचे कागद, सगळं. गावातल्या मोटारसायकलींपैकी ज्यांचे कागद सरळ असतील त्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात. ऐकून माणसं एकमेकांकडं बघायला लागली. सांबप्पा मनातल्या मनात खूश झाले.

दुकानाबाहेर कडुलिंबाच्या झाडाखाली मात्र वेगळाच विचार चालला होता. लिंबाजी हा काळीपिवळी जीप चालवणारा, सांबप्पांचा रोजचा पत्त्यातला भिडू. त्यानं नियम लावून पाहिला. अप्पा म्हणतेत चेकिंग खिंडीत, म्हणजे ती डांबरीवर हाय. शिवाय डांबर सोडून पोलीस मुरमात कामून जातील? हे सगळ्यांना पटलं. ज्यांना कंबर दुखते म्हणून डांबरीनं जायचं होतं त्यांनीही बेत बदलला, आणि रात्रीतून सगळ्या गावाचं एकमत झालं की खिंडीतून जायचं. ग्रामसभेत असं एकमत कधी झालं नव्हतं.

रविवारी सकाळी सांबप्पा दुकान उघडं टाकून फाट्यावर गेले. आपल्या हातानं मोकळा केलेला रस्ता त्यांना डोळे भरून पाहायचा होता. पाहतात तो गावातला सिताराम मंडपाचं सामान लादलेला ट्रॅक्टर घेऊन मुरमाच्या रस्त्यानं वर चढत होता. त्याची धूळ झाडांत शिरतेय तोवर गावाकडून मोटारसायकलींची रांग आली. मागं दोन टेम्पो, त्यामागं लिंबाजीची जीप, खच्चून भरलेली. डांबरी रस्त्यावर एक कुत्रंसुद्धा नव्हतं.

सांबप्पा हात पसरून रस्त्यात उभे राहिले. डांबरीनं जा म्हणाले. तिकडं काही चेकिंग नाही म्हणाले. लोक हसायला लागले. हे म्हणतेत न्हाई, म्हणजे लय मोठी हाय, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि पुढच्या मोटारसायकलीनं गिअर टाकला. सांबप्पा त्या मोटारसायकलीचं हँडल धरून राहिले. कधी नव्हे ते खरं बोलायला लागलो, तर ते घ्यायला कुणी तयार नाही. आणि तिकडं लेक पाहुण्यांना घेऊन निघालेली असणार.

लिंबाजी जीपमधून उतरला. मित्राचा असला चेहरा त्यानं कधी पाहिला नव्हता.

"लिंगावर हात ठेवून बोल," तो म्हणाला.

सांबप्पांच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असे. रोज त्याची पूजा झाल्याशिवाय ते चहासुद्धा घेत नसत. जिभेला हाड नसलेला हा माणूस त्या डबीवर हात ठेवून मात्र कधी खोटं बोलला नव्हता, आणि म्हणूनच हात ठेवायची वेळ तो येऊ देत नसे. आज त्यानं ठेवला.

"चेकिंग कुठंच न्हाई. मीच उठवली. माझ्या लेकीचे पाहुणे यायलेत सायकलीवर. त्यायला रस्ता मोकळा पायजे, एवढंच."

इंजिनं बंद झाली. मग जीपमधून म्हाताऱ्या चतुराबाईनं मान बाहेर काढली.

"हात काढू नको, अप्पा. त्यो बिबट्या खरा होता का?"

सांबप्पांनी डोळे मिटले. "न्हाई. तुमचं कुत्रं होतं."

फाट्यावर असा हशा पिकला की झाडावरची पाखरं उडाली. आणि मग लोकांच्या ध्यानात आलं की अशी पर्वणी पुन्हा येणार नाही. वर्षानुवर्षं पोटात ठेवलेले प्रश्न एकदम वर आले. लग्न राहिलं बाजूला, जो तो सांबप्पांभोवती कोंडाळं करायला लागला. रस्ता मोकळा व्हायचा तो गच्च झाला.

पण सांबप्पा पडले दुकानदार. लोकांना काय पाहिजे हे कळलं की भाव ठरवायला त्यांना वेळ लागत नसे. त्यांनी तिथल्या तिथं जाहीर केलं, की जो गाडी डांबरीला वळवील त्याला एक प्रश्न. आधी गाडी वळवायची, मग विचारायचं, उत्तर मिळालं की चालू पडायचं.

मग काय विचारता! गाड्या भराभर वळायला लागल्या. एकानं विचारलं, सकाळची ताजी म्हणून विकता ती खारी कधीची? परवाची. दुसऱ्यानं विचारलं, माझ्या सासऱ्याला मी बिडी ओढतो हे कुणी सांगितलं? मी. टेम्पोवाल्यानं विचारलं, माझा आवाज चांगला हाय म्हणून तुमी मला भजनात बसवलं, खरंच चांगला हाय का? न्हाई, पण तू आला की तुझा पेटीवाला भाऊ येतो. तो बिचारा तोंड पाडून गेला, पण डांबरीनं गेला. चतुराबाईचा प्रश्न होऊन गेला होता, तरी तिनं दुसरा मागितला. एका जीपला एकच, असं लिंबाजीनं तिला गप्प केलं आणि स्वतःचा विचारला.

"पत्त्यात तू माझी पानं बघतोस का?"

"तुझ्या मागं आरसा हाय, लिंबाजी. कटिंगवाल्याचा. म्हणून तर तुला तिथं बसवतो."

लिंबाजीनं जीप वळवून कडेला लावली, माणसं दुसऱ्या टेम्पोत बसवून दिली आणि स्वतः मात्र मागं राहिला. सांबप्पांची अब्रू अशी सगळी फाट्यावर उधळली गेली होती, पण मुरमाच्या तोंडाशी एक गाडी उरली नव्हती. त्यांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

तेवढ्यात शिवरंजनी आली. तिच्या मागं धम्मशीलाताई आणि हेल्मेटं घातलेली माणसं, सायकलींची लांब रांग. मुरमावर टायरांचे ताजे वण होते, ते तिनं आल्या आल्या पाहिले. मग बापाकडं, मग लिंबाजीकडं पाहिलं. काहीतरी घडलंय हे तिला कळलं. पण ताई ऐकत होत्या, म्हणून तिनं एकच विचारलं.

"अप्पा, वर कुणी हाय का?"

न्हाई म्हणणं किती सोपं होतं! सितारामचा ट्रॅक्टर आतापर्यंत उतरलाही असेल. नसला उतरला तरी ते खिंडीत कळणार, तोवर रस्ता पाहून बाई भुललेली असणार. सांबप्पांच्या जिभेवर उत्तर तयार होतं. सकाळभराच्या सवयीनं त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या डबीकडं गेला आणि ते तिथंच अडले.

शिवरंजनीनं तो हात धरून खाली घेतला.

"शपथ नको, अप्पा. तुमी नुसतं सांगा, मी निघते."

असं त्यांना आजवर कुणी म्हटलं नव्हतं. बायकोनंही नाही. सांबप्पांना वाटलं, लिंगाची शपथ मोडली तर देव एकदा माफ करील, पण हिचा भरवसा मोडला तर माफी कुणाकडं मागायची?

"एक ट्रॅक्टर गेलाय वर," ते म्हणाले. "मंडपाचं सामान हाय. उतरला का न्हाई, मला ठावं न्हाई."

शिवरंजनीचा चेहरा पडला. तरी तिनं मागं वळून ते सगळं जसंच्या तसं ताईंना सांगितलं. धम्मशीलाताईंनी हेल्मेट काढलं, सांबप्पांकडं नीट पाहिलं. रस्ता दाखवणारे सगळेच रिकामा आहे म्हणून सांगतात, ट्रॅक्टर आपल्याला पुढं गेल्यावर भेटतो, असं त्या म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्यांना सायकली कडेला आडव्या करून ठेवायला सांगितलं. ट्रॅक्टर उतरू दे, मग निघू, घाई कुणाला आहे?

लिंबाजीनं चारठाण्याला फोन लावला. सिताराम पोचलाय आणि मंडप बांधायलाय असं कळल्यावर सायकली उठल्या. शिवरंजनी सगळ्यांच्या पुढं होती. मुरूम करकरत राहिला, रांग पळसांतून वर वर चढत गेली आणि खिंडीकडून कसलाही आवाज आला नाही.

सांबप्पा फाट्यावर उभे होते. त्यांचे डोळे पाण्यानं भरले होते. धूळ गेली डोळ्यात, असं ते लिंबाजीला म्हणाले. लिंबाजीनं त्यांना डबीवर हात ठेवायला सांगितलं नाही.