चार फूट सहा इंच

दुकानांच्या काचांवर जाहिरातीचे स्टिकर चिकटवणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात कोणी धरू शकत नसे. आत हवेचा एक बुडबुडा राहील तर शपथ. एकदा लेकीच्या शाळेसमोरच्या दुकानांसाठी व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, जाहिराती आल्या. स्ट्रॉबेरीचा वास, गुलाबी रंग, दिसायला थेट पेन. सोबत सूचना होती, ‘तरुण गिऱ्हाइकाच्या नजरेसमोर लावा.’

तरुण म्हणजे किती उंच, ते मात्र लिहिलं नव्हतं. घरी दाराच्या चौकटीवर लेकीची उंची दर वाढदिवसाला पेन्सिलीने मांडलेली होती. तेराव्या वर्षाची रेघ चार फूट दहावर होती. डोळे त्याखाली, म्हणून त्याने चार फूट सहा इंच धरले. साहेबांनी पाठ थोपटली आणि माप लिहून घेतलं. तोही खूश झाला.

दोन महिन्यांनी थोरल्या बहिणीने त्याला शाळेत बोलावलं. ती तिथली नर्स. शर्यतीत कायम पहिली येणारी लेक अर्ध्या फेरीतच धापा टाकत खाली बसली होती. टेबलावर तेच गुलाबी पेन पडलं होतं.

“कोणी शिकवलं तुला हे?” तो लेकीवर खेकसला.

“कोणी नाही. रोज येता-जाता दिसायचं काचेवर. बरोब्बर समोर.”

त्याचा चेहरा पडला. तरी तो ताईला म्हणाला, “मी नुसतं चिकटवतो गं. मुलांकडे आईबापांनी लक्ष द्यायला नको?”

“द्यायलाच हवं. पण तू एकटा लक्ष देणार आणि तिकडे ऑफिसभर माणसं पोरांना काय भुलवेल ते ठरवत बसणार. मोठ्यांना विकायचं असतं, तर एवढं खाली कशाला लावलं असतं? या जाहिरातींवर बंदीच हवी. मी अर्ज लिहिलाय, सही करशील?”

सही न करताच तो उठला. तडक जाऊन त्याने शाळेसमोरच्या दुकानांच्या सहाही काचा खरवडल्या. नखं सोलली. दुसऱ्या दिवशी तिथे नवे स्टिकर होते, दुसऱ्याच कोणी लावलेले. त्याने टेप धरली. चार फूट सहा इंच! साहेबांनी त्याचं माप सगळीकडे धाडलं होतं.

तो ताईकडे परतला. सही केली आणि खाली लिहिलं, ‘हे माप माझ्या मुलीचं आहे.’

मुलांच्या डोळ्यांसमोर आमिष टांगायचं आणि ती भुलली की त्यांनाच बोल लावायचा, हे आपण किती दिवस चालू देणार? एकट्या बापाच्या खरवडण्याने काच साफ होत नाही. त्याला कायदाच लागतो, आणि तो आपण सगळ्यांनी मागायचा असतो.

लेक अजून अर्ध्या फेरीतच थांबते.