फोटोखालची नावं

“बाबा, यातले पणजोबा कोणते?” तृप्तीने काचेवर बोट टेकवून विचारलं.

सोमनाथ चष्मा पुसू लागला. कोल्हापूरहून तो लेकीला घेऊन वणीच्या दर्शनाला निघाला होता. पावसाने गडाचा रस्ता बंद झाला, म्हणून दोघं नाशकात अडकली, आणि लॉजवर बसून कंटाळण्यापेक्षा बरं म्हणून या लहानशा संग्रहालयात शिरली. इथे मंदिरप्रवेशाच्या सत्याग्रहाचा जुना फोटो आहे असं कळल्यावर तृप्तीला धीर धरवेना. सिन्नरचे पणजोबा त्या सत्याग्रहात होते, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. शाळेत तिने त्यावर भाषण करून बक्षीसही आणलं होतं.

फोटोत दहा-बारा माणसं रस्त्यावर बसली होती. एक-दोघांच्या कपाळावरून रक्त ओघळलेलं. समोर जमाव. जमावाच्या पुढे एक उंच माणूस, उगारलेल्या हातात दगड. त्याचा डावा कान अर्धा फाटलेला.

बैलाच्या शिंगाने फाटलेला तो कान सोमनाथने लहानपणी आजोबांच्या मांडीवर बसून कितीदा कुरवाळला होता.

“हे,” तो म्हणाला, आणि त्याने बसलेल्यांपैकी एकावर बोट ठेवलं.

मागे उभे असलेले संग्रहालयाचे म्हातारे रखवालदार चिमाजी लगबगीने पुढे आले.

“काय सांगता! त्यांच्या शेजारी डोकं फुटलेला बसलाय ना, तो माझा आजा. म्हंजे आपले आजे मांडीला मांडी लावून बसलेत की!” त्यांनी सोमनाथचा हात दोन्ही हातांत धरला. “बाकी कुणाची नावंच नाय हो आमच्याकडं. थांबा, वही आणतो.”

वही आली. चिमाजींनी पेन उघडलं.

“बोला.”

सोमनाथच्या तळहाताला अजून त्या हातांची ऊब होती. बाहेर पाऊस पत्र्यावर कोसळत होता.

“चुकलं माझं,” तो मान वर न करता म्हणाला. “ते बसलेल्यांत नाहीत.” त्याने बोट सरकवलं. “हे. गोटीराम. सिन्नरचे.”

चिमाजींनी फोटो पाहिला. पुन्हा पाहिला. पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

“तुम्हाला माहीत होतं?” तृप्तीने विचारलं.

“आत्ताच कळलं. पण मघाशी तुझ्याशी खोटं बोललो, ते कळल्यावरच.”

चिमाजींनी नाव लिहिलं, सावकाश, एकेक अक्षर कोरत. मग वही फिरवून सोमनाथपुढे सरकवली.

“माहिती कुणी दिली, ते पण लिहावं लागतं. इथं सही करा.” आवाजात राग नव्हता, पण मघाचा आपलेपणाही उरला नव्हता.

सोमनाथने नुसतं ‘सोमनाथ’ लिहिलं आणि पेन ठेवून दिलं. त्याला तिथून निघायचं होतं, भर पावसात का होईना.

तृप्तीने पेन उचललं आणि परत त्याच्या हातात दिलं.

“आडनावही लिहा, बाबा.”