कागदाची वाडी

“ह्ये वाच,” म्हणत अक्कानं कागदांचा गठ्ठा माझ्या मांडीवर टाकला. “देवाचं नाव असंल तर बाजूला ठेव. मेल्याचं असंल तर सांग.”

मी चष्मा पुसला आणि वाचायला बसले. लग्नपत्रिका, चहाची खोकी, औषधांच्या डब्या, कुणाच्या तरी वहीचे पुठ्ठे. सगळ्या निमगाव केतकी गावाचा कचरा आमच्या अक्काच्या ओसरीवर येऊन पडायचा. मेहबूबबीच्या किराणा दुकानातून आठवड्याला एक पिशवी यायची, बाकीचं लोक आपणहून आणून टाकायचे. त्यातून अक्का दागिने करायची. डोहाळजेवणाला पोटुशी बाई अंगावर फुलांचे दागिने घालते, त्याला वाडी म्हणतात. अक्का ती वाडी कागदाची करायची. मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा, गजरे, सगळं. रंग हळदीचा, बिटाचा, डाळिंबाच्या सालीचा, आणि चिकटवायला मैद्याची खळ. गावातल्या निम्म्या बायका अक्काच्या कागदात नटून बाळंतपणाला गेल्या असतील.

पण अक्काला अक्षर येत नाही. म्हणून कात्री लावायच्या आधी प्रत्येक कागद कुणाकडून तरी वाचून घ्यायचा, हा तिचा नेम. देवाचं नाव कंबरपट्ट्यात जाता कामा नये. आणि दहाव्याची पत्रिका तर घरातच राहता कामा नये. ती हातात पडली की वाचायची आणि तिथंच फाडून टाकायची, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तर हे वाचायचं काम पहिल्यापासून माझं.

मी कोण, तर रतनअक्काची धाकटी जाऊ. नाव नकोशी. चौथी मुलगी झाली म्हणून आईबापानं ठेवलं. बदलून घे म्हणाले लोक, मी म्हटलं असू दे, आता अंगवळणी पडलंय. एकोणतीस वर्षं अंगणवाडीत गावची पोरं वजनकाट्यावर ठेवतेय. स्वतःचं एकही ठेवता आलं नाही. आणि आता खरंच सांगायचं ठरवलंय तर हेही सांगते, मला अक्का कधीच आवडली नाही. तोंडानं गोड, पण माझी पायरी मला दाखवून द्यायची एकही संधी तिनं सोडली नाही.

ह्या खेपेची वाडी तिच्या घरचीच होती. तिच्या मुलाची, सुयोगची बायको मोना, तिला सातवा लागला होता. मोनाचं माहेर बारामतीचं, आणि आई महा नाकाची. लग्नात आमच्या जेवणाला नाक मुरडलं, साड्यांना नाक मुरडलं. आता म्हणत होती, बारामतीत वाडीचा तयार सेट भाड्यानं मिळतो, मखमलीच्या पेटीत, तोच आणू. मोनानंच हट्ट धरला की आत्याबाईंच्या, म्हणजे सासूच्याच हातची घालणार. त्या दिवसापासून अक्काचे पाय जमिनीवर नव्हते. तिला एकच पाहिजे होतं. तिची वाडी मोनाच्या अंगावर चढावी आणि विहिणीनं चार बायकांत एकदा तरी चांगलं म्हणावं. महिनाभर ती त्याच्याच मागं होती.

“वाडी बांधायला प्रगतीला सांगितलंय,” कात्री चालवता चालवता अक्का म्हणाली. प्रगती म्हणजे पलीकडच्या घरातली सून, दोन लेकरांची आई.

“मी होते की,” मी म्हणाले.

“तुझं हात दुखत्यात ना हल्ली.”

“न्हाय दुखत.”

अक्कानं कात्री खाली ठेवली. “आता कसं सांगू तुला, नकोशे. ती बारामतीची माणसं. मोनाची आई म्हनली, बांधनारी लेकुरवाळी पायजे. तू आपली पंगतीकडं बघ. तितं माणूस लागतंच की.”

विहिणीचं नाव नुसतं पुढं केलं होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. ह्याच अक्कानं दर डोहाळजेवणाला मला पंगतीकडं बघायला लावलंय. वाचायला मी चालते, बांधायला चालत नाही. माझ्या डोळ्यांनी निवडलेला कागद पोटुशीच्या कपाळावर चालतो, माझी बोटं चालत नाहीत. अंगाची अशी लाही झाली माझ्या. मी पुढचा कागद घेतला.

तो अर्धा होता. जाड, मलईच्या रंगाचा, कडेला सोनेरी रेघ. मधून सरळ फाडलेला.

अक्काचं लक्ष होतं. “ह्यो फाटका हाय,” ती म्हणाली. “दहाव्याचा तर न्हाय ना? नीट वाच.”

मी नीटच वाचलं. वर होतं, दशक्रिया विधी, रविवारी सकाळी सात वाजता, ओढ्याकाठी. खाली होतं, आपले दुःखांकित, समस्त परिवार. फोटो आणि नाव दुसऱ्या अर्ध्यात गेलं असणार. मेलेला माणूस कोण होता ते मला आजही माहीत नाही.

“दुकानाच्या उद्घाटनाचं हाय,” मी म्हणाले.

“नक्की?”

“नक्की.”

एवढंच झालं. तोंडातून गेलं. अक्कानं तो कागद हातात घेऊन वाकवून पाहिला, अंगठ्यानं कड दाबली आणि तिला तो आवडला. “ह्यो मुकुटाला घेती,” ती म्हणाली. “कपाळावर ताठ ऱ्हाईल.” मला वाटलं होतं, गजऱ्याबिजऱ्यात जाईल कुठंतरी, बारीक तुकडे होऊन. मुकुटाला म्हटल्यावर तो परत मागायला हवा होता. मी पुढचा कागद वाचायला घेतला. पुढं चार दिवस होते. चार दिवसांत एकदा जाऊन म्हणता आलं असतं, अक्का, चुकीचं वाचलं, तो काढा. मी रोज अंगणवाडीत जाताना तिच्या दारावरून जात होते. ओसरीवर मुकुट वाळत ठेवलेला दिसायचा. आतून चहाच्या पुड्याचा पांढरा कागद लावलेला, वरून डाळिंबी पाकळ्या. देखणा झाला होता, हे कबूल केलं पाहिजे. मी बघायचे आणि पुढं जायचे.

डोहाळजेवणाच्या दिवशी मी पंगतीकडं. विहीणबाई बारामतीहून गाडी भरून माणसं घेऊन आल्या. भाड्याची पेटीही आणली होती. “असू दे हो गाडीत,” सगळ्यांना ऐकू जाईल असं त्या म्हणाल्या, “कागदाचा काय भरवसा, लागली तर घेता येईल.” अक्का हसली. प्रगतीनं वाडी बांधली. मोना झोपाळ्यावर बसली आणि खरं सांगते, ओसरीतल्या बायका झोपाळ्याजवळ सरकल्या. मोनाची धाकटी बहीण मोबाइलवर व्हिडिओ काढायला लागली. विहीणबाईंनी हात लावून पाकळी पाहिली आणि म्हणाल्या, “कागद आहे हा? वाटत नाही.”

अक्कानं माझ्याकडं पाहिलं. इतक्या बायका सोडून माझ्याकडं. मी भाताचं पातेलं घेऊन आत गेले.

मे महिना होता. मोनाला घाम फुटला. फोटो काढून झाल्यावर तिनं मुकुट उतरवून बहिणीच्या हातात दिला आणि तोंड पुसायला लागली. बहीण मुकुट उलटा करून बघत होती, कसा केलाय म्हणून. आतला पांढरा कागद घामानं भिजून आरपार झाला होता.

“आई,” ती म्हणाली, “ह्यात काहीतरी लिहिलंय. दश... दशक्रिया.”

विहीणबाईंनी तिच्या हातातून तो घेतला. पांढरा कागद नखानं सोलला आणि वाचलं. मोठ्यानं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दुःखांकितपर्यंत. मोनानं दोन्ही हात पोटावर ठेवले. मग कुणी काही सांगायच्या आत तिनं आपले आपण बाजूबंद ओढून काढले, गजरे काढले, कंबरपट्टा तोडला. 

“मुद्दाम केलंत,” विहीणबाई अक्काला म्हणाल्या. “माझ्या पोरीच्या कपाळाला मढ्याचा कागद बांधलात.”

“मला वाचता येत न्हाय, विहीणबाई.”

“मग वाचून घ्यायचं होतं कुणाकडून. एवढी शिकलेली जाऊ आहे ना घरात?”

मी स्वयंपाकघराच्या दारात होते, हातात वरणाची पळी. आता अक्का सांगणार, मला माहीत होतं. मी असते तर सांगितलं असतं. बोट दाखवून सांगितलं असतं. मी मनात उत्तर जुळवत होते, की अक्का खोटं बोलतेय, मी हा कागद बघितलाच नाही.

अक्कानं मान वर केली नाही. “ऱ्हायलं,” ती म्हणाली. “वाचून घ्यायचं ऱ्हायलं. चुकी माझी हाय.”

“नुसता उकिरडा करून ठेवलाय घराचा,” तिचा नवरा, आमचे गेणूभावजी, सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले. “धा येळा सांगितलं, ह्ये धंदं बंद कर.” सुयोग आतून कागदांची पोती ओढत घेऊन आला आणि परसात नेऊन त्यानं काडी लावली. अक्काच्या तीस वर्षांच्या कात्रणांचे नमुनेही त्यातच होते, पुठ्ठ्याचे, तेही गेले. पाहुणे न जेवता उठले. मोनाला त्यांनी त्याच गाडीतून नेलं. जाताना विहीणबाई म्हणाल्या, बाळंतपणानंतर पोरीला परत पाठवायचं की नाही ते आम्ही बघू. रांधलेला सगळा भात तसाच राहिला.

मोनाला मुलगी झाली, चांगली तीन किलोची. अक्काला तिसऱ्या दिवशी कळवलं. बारशाला बोलावलं ते आदल्या संध्याकाळी, फोनवर. मीही गेले होते बारामतीला. पाळण्याला फुगे आणि दुकानातली चमकी. अक्कानं बाजारातून एक तयार झबलं नेलं होतं, ते पिशवीतून काढून टीपॉयवर ठेवलं आणि बायकांच्या मागं जाऊन बसली. नात तिच्या मांडीवर दिली ती पाच मिनिटं, तेही विहीणबाई शेजारी उभ्या राहून. मोना अजून तिकडंच आहे. सुयोग रविवारी जाऊन येतो.

ह्या सगळ्यात अक्का मला त्या कागदाबद्दल एक अक्षर बोलली नाही. मी वाट बघत होते. तिनं दारात येऊन चार शिव्या घालाव्यात, झिंज्या उपटाव्यात, म्हणजे मलाही तोंड सोडता येईल, म्हणता येईल तुमी मला जन्मभर पंगतीकडं बसवलंत. ती भेटली की नेहमीसारखी विचारायची, दळण आणलं का, पाणी आलं का. शेवटी दिवाळीनंतर मीच गेले. “अक्का,” म्हटलं, “त्या दिवशी तो कागद...”

“च्या टाकू?” ती म्हणाली आणि उठलीच.

परवा मेहबूबबी तिच्याकडं आली. तिची सून शबीना पोटुशी आहे, आणि त्यांच्यातही सातव्या महिन्याला ओटी भरतात. “वाडी तुमच्याच हातची पायजे,” मेहबूबबी म्हणाली. अक्का नको नको म्हणत होती, मेहबूबबीनं ऐकलं नाही, कागदाची पिशवीच आणून ठेवली. हे मला प्रगतीकडून कळलं. म्हटलं, आता आपल्याला काही बोलावणं यायचं नाही. तर दुसऱ्या दिवशी दुपारी अक्काची हाक आली, “नकोशे, वाचायला ये.”

मी गेले. जाताना काय काय मनात आलं ते सांगत नाही, पण रस्त्यात डोळे पुसले एवढं खरं. ओसरीवर शबीनाही बसली होती, भिंतीला टेकून, पाय पसरून. अक्कानं गठ्ठा माझ्या मांडीवर ठेवला. पहिला कागद मी दोनदा वाचला, मनात. मग सांगितलं.

“लग्नाचं हाय, अक्का. पिंपळीचं. खाली मामाचं नाव हाय.”

“बरं,” अक्का म्हणाली. तिनं तो कागद माझ्या हातातून घेतला आणि शबीनाकडं दिला. “आता तू वाच गं.”

शबीनाला काही ठाऊक नव्हतं. तिनं वाचला. “व्हय, लग्नाचंच हाय की,” ती म्हणाली.

मग अक्कानं कात्री उचलली. तिच्या तोंडावर राग नव्हता, मी निरखून पाहिलं. पिशवीत शंभरएक कागद असतील. दुसरा मी हातात घेतला.